सहा नंबरची खुर्ची

१

रजिस्टरच्या मागच्या पानांवर खासगी मजकूर लिहायचा नाही, हा नियम मी सोळा वर्षं प्रत्येक नव्या गार्डच्या डोक्यात घालत आलेय. सामानाची यादी नको, फोन नंबर नकोत, कविता तर मुळीच नकोत. आज तो नियम मीच मोडतेय. दुसरा कागद जवळ नाही, आणि घडलं ते कुठेतरी लिहून ठेवायचं वळण हाताला लागलेलं आहे.

माझं काम नवे गार्ड तयार करणं. दर थोड्या दिवसांनी कंपनी तीन-चार जण पाठवते. ते गणवेश चढवतात, टोपी तिरकी करून आरशात बघतात, आणि मग ज्याला उभं राहायला सांगितलंय तो बसतो, ज्याला बसायला सांगितलंय तो झोपतो. हातात शिट्टी दिली की आधी फुंकून बघतात. नातवंडं असलेली माणसंसुद्धा फुंकतात. सहा दिवस घसा फोडून शिकवावं, आणि सातव्या दिवशी कुणीतरी गेट उघडं टाकून चहाला गेलेला सापडतो. वर तोंड करून सांगतो, "एकदाच गेलो मॅडम." अरे, चोरालासुद्धा एकदाच यायचं असतं!

या वेळी तिघं होते. पहिला पैलवान, अंगाने दरवाजाएवढा, आणि भिंतीला पाठ टेकली की दोन मिनिटांत घोरणारा. दुसरी लगबग; ही बाई राउंडला निघाली म्हणेपर्यंत परत आलेली असायची. तिसरा छापखाना. वय बावन्न, माझ्याहून एका वर्षाने मोठा. पंचवीस वर्षं एका छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढायचा. छापखाना बंद पडला, म्हणून आमच्याकडे आला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अक्षर मोत्यासारखं. शिट्टी दिली तर त्याने ती न फुंकता खिशात ठेवली आणि वहीत लिहिलं: 'शिट्टी एक, मिळाली.' मला भरून आलं अगदी. म्हटलं, सोळा वर्षांत एक तरी ऐकणारा माणूस मिळाला.

मला ही बॅच शनिवारपर्यंत तयार हवी होती. लेकीचे दिवस भरले होते, पहिली खेप, आणि ती दुसऱ्या गावात एकटी. जावई लांब नोकरीला, सासूबाई हयात नाहीत. साहेबांनी रजेच्या अर्जावर लिहून दिलं होतं, 'नवीन तिघे पोस्टवर उभे राहिल्यास मंजूर.' लेक रोज फोन करायची.

"आई, येशील ना नक्की? की याही वेळी तुझा रिलीव्हर येणार नाही?"

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीला तुमच्या जागी येणारा माणूस. लेकीच्या लहानपणी शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी उशिरा पोचले, आणि प्रत्येक वेळी हेच कारण सांगितलं. कारण खरं होतं, पण ऐकणारी सात वर्षांची होती.

"शनिवारी संध्याकाळच्या गाडीत बसलेच समज," मी म्हटलं.

२

पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते. चार्ज.

"खुर्ची रिकामी सोडायची नाही," मी तिघांना समोर उभं करून सांगितलं. "तहान लागो, पोटात कळ येवो, साहेब स्वतः येऊन चल म्हणोत. रिलीव्हर समोर येणार, 'चार्ज घेतला' म्हणणार, रजिस्टरवर सही करणार. मग तुम्ही 'चार्ज दिला' म्हणून सही करणार. त्यानंतरच पाय हलवायचा. तोंडी निरोपावर पोस्ट सुटत नाही. कळलं?"

"आणि रिलीव्हर आलाच नाही तर?" छापखान्याने विचारलं.

"तर थांबायचं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

त्याने ते लिहून घेतलं. पैलवान भिंतीला टेकला होता, त्याला मी कोपराने ढोसलं.

दुसरी गोष्ट नजरेची. पोस्टवरच्या माणसाशी कुणी बोलायला आलं, तर उत्तर द्यावं, पण नजर ज्याची राखण करतोय त्यावरच ठेवावी. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की पाठीमागून हत्तीसुद्धा निघून जातो. हे ऐकून लगबग हसली. हसू दे, म्हटलं. तिसरी गोष्ट, उघडं दार दिसलं की कुलूप लावायचं, किल्ली बोर्डावरच्या खिळ्याला टांगायची आणि मग नोंद करायची. चौथी, डायरीत 'सर्व ठीक' लिहायचं नाही. ठीक आहे की नाही ते वाचणारा ठरवेल, तुम्ही दिसलं ते लिहा.

इमारतीत पाच पोस्ट आहेत. गेट, माल उतरवायचा धक्का, तळमजल्याचा पंप, दुसऱ्या मजल्यावरची रोकड खोली, आणि तिसऱ्या मजल्यावर बोळाच्या तोंडाशी पाचवी. त्या बोळाच्या शेवटी प्लायवूडचं पार्टिशन आहे, त्यात एक दार, दाराला कुलूप. पलीकडे जुना भाग. नऊ वर्षांपूर्वी बंद केला.

३

दुसऱ्या दिवशी तिघांना एकेकटं राउंडला सोडलं. दुपारी डायऱ्या तपासायला बसले. पैलवानाने पाचही पोस्टपुढे 'ठीक' लिहिलं होतं. लगबगने 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं, आणि वर काहीच नव्हतं. कपाळावर हात मारून मी छापखान्याची डायरी उघडली. टपोरं अक्षर, प्रत्येक ओळीला वेळ. गेटचा दिवा लुकलुकतो. पंपाजवळ ओल. रोकड खोलीची काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली. हा तडा मला स्वतःला माहीत नव्हता. आणि शेवटी:

'सहा नंबर. दु. १२.४०. गार्ड हजर. जिना शांत. गार्डने पाणी मागितले.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सहा नंबरची पोस्ट, मॅडम."

"सहा नंबर नाही इथे. पाच आहेत."

"पाचच्या पुढे, बोळातून आत. जिन्याच्या वर खुर्ची टाकून बसलाय." तो जरा गोंधळला. "दार उघडंच होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत. आम्ही बघतो की नाही ते बघायला."

मला ते पटलं. म्हणजे असं, की मी कधीकधी एखादं दार मुद्दाम उघडं ठेवते, एखादा दिवा बंद करते, आणि कोण टिपतं ते बघते. ही तशीच चेष्टा कुणीतरी माझ्याशी करत होतं. पैलवान असणार, कोपराने ढोसल्याचा राग. मी त्याला बोलावून चार शब्द सुनावले. त्याला तिसऱ्या मजल्यावर बोळ आहे हेच माहीत नव्हतं. तो जिना चढलाच नव्हता. त्याबद्दल आणखी चार सुनावले.

४

तरी वर गेले. शंका ठेवून घरी जायची सवय नाही.

किल्ल्यांच्या बोर्डावर सगळ्यात वरच्या कोपऱ्यात सहा नंबरचा खिळा. किल्ली तिथेच होती, तिच्यावर कोळ्याचं जाळं धरलेलं. वर पार्टिशनच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज होता. ते उघडायला तेल घालावं लागलं. हे दार दोन तासांपूर्वी कुणाला उघडं दिसलं, हे मला समजेना. छापखान्याचा चष्मा जुना असेल, म्हटलं.

आत बोळ तसाच पुढे जातो. दोन्ही बाजूंना रिकाम्या खोल्या, जमिनीवर टेबलांच्या पायांच्या खुणा. वीज तोडलेली, पण टोकाला जिन्यावर दुधी काचेची खिडकी आहे, तिच्यातून दुपारचा उजेड येतो. जिन्याच्या तोंडाशी लाकडी खुर्ची होती. तिची पाठ बोळाकडे, तोंड खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे. खिडकीच्या कट्ट्यावर एक रजिस्टर.

बोळभर बोटभर धूळ होती. खुर्चीच्या बैठकीवर नव्हती.

कुणीतरी इथे झोपायला येतं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सफाईवाले किंवा कॅन्टीनवाले. वाट कुठून ते नंतर शोधू. जिन्यावरून वाकून पाहिलं. पहिल्या सात पायऱ्यांवर धूळ जशीच्या तशी. आठवीपासून खालच्या पायऱ्या मात्र पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या, आणि वळणानंतर काही दिसत नव्हतं. तळाशी हा जिना विटांनी बंद केलेला आहे. खालून कुणी येऊ शकत नाही.

मी खुर्ची उचलली. बसायलाच मिळालं नाही तर येणारा यायचा थांबेल, एवढा साधा विचार. खुर्ची काखेत मारून बोळातून चालताना पाठीमागे काहीतरी वाजलं, पण जुन्या इमारतीत लाकूड वाजतंच. कुलूप लावलं, खुर्ची कोठारात टाकली, हात धुतले.

५

तिसऱ्या दिवशी सहा नंबरचा पत्ता नव्हता, कारण छापखान्याला मी दिवसभर गेटवर जखडून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी राउंडला सोडावंच लागलं. पाच वेळा बजावलं, पाचच पोस्ट. दुपारी डायरी आली.

'सहा नंबर. दु. १२.४५. गार्ड उभा होता. खुर्ची नेल्याची तक्रार केली. म्हणाला, खुर्ची मागायला मॅडमच्या मागे दारापर्यंत गेलो, तेवढ्यात एक पायरी गेली. पाणी मागितले.'

खुर्चीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मग रागच आला. भीती वाटायला लागली की मला आधी राग येतो, हे लेकीला विचारा.

"कोण शिकवतंय तुम्हाला हे? कुणी पाहिलं मला खुर्ची नेताना?"

"त्यानेच, मॅडम."

"दिसतो कसा तो?"

"चेहरा नाही पाहिला." छापखाना खाली बघत म्हणाला. "तो वळत नाही. जिन्याकडे तोंड करून बोलतो. मी म्हटलं, अहो, इकडे तरी बघा. तर म्हणाला, मॅडमनी सांगितलंय, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. पाठीमागून हत्ती निघून जातो."

लगबग कोपऱ्यात टोपी झटकत होती. या वेळी ती हसली नाही.

"आणखी काय म्हणाला?"

"फार बोलत नाही तो. काहीही विचारलं, की 'हो मॅडम' म्हणतो. मी पुरुष आहे तरी." छापखान्याने चष्मा पुसला. "सवय असेल."

६

'हो मॅडम' हे आम्ही एका माणसाला ठेवलेलं नाव होतं. नऊ वर्षांपूर्वीचा. मान खाली, काही सांगा, "हो मॅडम." ऐकणारा होता, म्हणून तेव्हाही मला भरून आलं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी जुना ड्यूटी तक्ता काढला. ती दुपार आठवायला तक्ता लागत नव्हता खरं तर. बाराच्या सुमाराला साहेबांचा फोन आला, जुना भाग आजपासून बंद, सहा नंबर काढून टाका, एक माणूस वाचेल. ती पोस्ट मुळात कशासाठी होती ते कुणालाच सांगता आलं नसतं. ती आधीपासून होती. मी पट्टी घेतली आणि तक्त्यावर सहा नंबरवर सरळ रेघ मारली. तीनला जो रिलीव्हर वर जायचा, त्याला गेटवरूनच घरी पाठवलं. वर बसलेल्याला कुणीतरी सांगेल, असं धरून चालले. चार वाजता सुताराने पार्टिशन ठोकलं. आत कुणी होतं का, हे मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'हो मॅडम' आला नाही. नवे लोक पळतात, त्यात विशेष काही नसतं. मी लिहिलं, 'काम सोडून गेला. गणवेश जमा नाही.' त्याच्या घरून कुणी विचारायला आलं नाही. मीही कुणाला विचारायला गेले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी साहेबांकडे गेले. म्हटलं, जुना भाग एकदा नीट उघडून बघावा. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुम्हाला रजा हवीय ना?"

"हो."

"मग पार्टिशन कशाला फोडताय? आणि तो छापखान्यावाला काहीबाही लिहितो असं ऐकलं. डोकं ठिकाणावर नसेल तर त्याला काढा, दुसरा येईल पुढच्या महिन्यात. रजाही तेव्हाच बघू."

पुढच्या महिन्यात! सकाळीच लेकीचा फोन आला होता. डॉक्टर म्हणाले, कधीही. मी साहेबांसमोरच तिघांचे कागद काढले आणि तिघांपुढे 'योग्य' लिहून सही केली. नव्या तक्त्यावर पाच पोस्ट आखल्या. पट्टीनेच.

बाहेर येऊन छापखान्याला बाजूला घेतलं.

"तुमचं काम चांगलं आहे. फक्त ते सहा नंबरचं डोक्यातून काढून टाका. तिथे कुणी नाही. मी सांगतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मी घड्याळ बघायला लागले, तसं त्याने ते गिळलं.

"हो मॅडम," तो म्हणाला.

हे शब्द तो पहिल्यांदाच बोलला. त्या वेळी मी सुटकेचा श्वास सोडला होता.

७

शनिवारी तीनला पाळी सुटली. पैलवान आला, लगबग कधीच गेली होती. छापखाना येईना. त्याची बायको गेटवर उभी, ती रोज त्याला न्यायला यायची.

"तो पाण्याची बाटली घेऊन वर गेला बारा वाजता," पैलवान म्हणाला. "डायरी माझ्याकडे देऊन गेला. म्हणाला, मॅडमना दाखव."

डायरीत एकच ओळ होती. 'सहा नंबरला रिलीव्हर नव्हता. चार्ज घेण्यास जात आहे.'

माझी पिशवी भरलेली होती. तिकीट पर्समध्ये. किल्ली बोर्डावर खिळ्याला होती आणि वर कुलूप बंद होतं. मला पुन्हा तेल घालावं लागलं. कुलूप किल्लीसकट कडीला तसंच लटकवून मी आत पळत गेले. छापखाना जिन्याच्या तोंडाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. बाटली रिकामी, कट्ट्यावर ठेवलेली.

"चला. सुट्टी झाली. बायको खाली थांबलीय."

"रिलीव्हर आला नाही, मॅडम."

"पोस्ट बंद आहे ही! मी सांगतेय ना!"

"तोंडी निरोपावर पोस्ट सुटत नाही," तो जिन्याकडे बघतच म्हणाला. आवाज रडवेला होता. "मॅडम, मला जायचंय. पण पाय काढला की खालचं ते एक पायरी वर येतं. मी दोनदा बघितलं. तुम्ही मोजा."

मी त्याचा दंड धरून ओढला. पन्नाशीचा काटकुळा माणूस, पण भरलेलं कपाट ओढावं तसा जागचा हलला नाही. मग मी खाली पाहिलं. धूळ होती ती आता वरच्या चार पायऱ्यांवर. पाचवी स्वच्छ होती.

पर्समध्ये फोन थरथरला. लेक. "आई," ती धापा टाकत होती, "सुरू झालंय गं. शेजारच्या काकू घेऊन चालल्यात मला. निघालीस ना?"

"निघालेच," मी म्हटलं. "एक सही राहिलीय."

सोळा वर्षं जे शिकवलं, त्यात याच्यावर एकच उपाय होता. एका मिनिटाचं काम होतं. सही करायची, त्याला सोडवायचं, खालून पैलवानाला बोलवायचं, त्याच्या हाती चार्ज द्यायचा, पुढचं साहेब बघतील. मी रजिस्टर ओढलं. पानावर 'हो मॅडम'ची नऊ वर्षांपूर्वीची सही होती, चार्ज घेतला, सकाळी सात. शेजारचा रकाना मला वाटत होता तसा कोरा नव्हता. चार्ज दिला, दुपारी बारा पन्नास. शाई ओली होती. त्याखाली छापखान्याची सही. त्याखाली मी माझी केली.

"चार्ज घेतला," मी म्हटलं.

"चार्ज दिला." त्याने सही केली आणि खांदे एकदम खाली आले त्याचे. मी जिन्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण कुणीतरी राहायला हवं होतं.

"धावत जा, पैलवानाला वर पाठवा! लगेच!" मी न वळता ओरडले.

बोळातून पावलं लांब गेली. ती एका माणसाची नव्हती. आणि दाराजवळून दोन आवाजांनी एकदम उत्तर दिलं.

"हो मॅडम."

मग दार लागलं. मग कुलूप. उघडं दार दिसलं की कुलूप लावायचं, किल्ली खिळ्याला टांगायची. छापखाना एकही गोष्ट विसरला नव्हता.

८

पैलवान आला नाही. तक्त्यावर पाच पोस्ट आहेत, त्याला सहावीवर कोण पाठवणार?

मी दार वाजवलं नाही असं नाही. पहिल्यांदा धावत गेले आणि दोन्ही हातांनी बडवलं. पलीकडे माणसं चालत होती, कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी हसलं. माझं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. तेवढ्यात पाठीमागे जिन्यावर एक पाऊल वाजलं. अनवाणी नव्हतं, बुटाचं नव्हतं. ओलं फडकं ठेवावं तसं. परत आले तर तीन पायऱ्यांवर धूळ होती. वळणाजवळ, भिंतीला लागून काहीतरी होतं. मी त्याच्याकडे बघितलं तसं ते थांबलं. तेव्हापासून मी बघतेच आहे. ओळी वाकड्या आल्यात त्या त्यामुळे. लिहितानाही नजर वहीवर नाही.

खुर्ची नाही. ती मीच उचलून नेली. याचा मला इतका संताप येतो की हसू येतं.

फोन दोनदा थरथरला होता, मग एकदा, आणि मग बंद पडला. काचेतला उजेड दुपारचाच राहतो, त्यामुळे किती झालं ते सांगता येत नाही. तहान लागते, भूक लागत नाही. लेक सुटली असेल. मुलगा असेल की मुलगी? तिने कुणाचा हात धरला असेल? माझ्यावर रागावली असेल, आणि कारण विचारलं तर या वेळीही तेच आहे. मला जायचंय. एवढं एकच वाक्य मी या पानावर दहा वेळा लिहिलं आणि खोडलं, कारण रजिस्टर आहे हे.

आत्ता मागे दार वाजलं.

पावलं बोळातून आली, सावकाश, जागोजाग थांबून, सगळं नीट बघत. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज. कुणीतरी काहीतरी लिहीत होतं. मी वळले नाही.

"सहा नंबर?" मुलीचा आवाज होता. "आम्हाला पाचच सांगितल्या होत्या."

"पाणी आहे का?" मी विचारलं.

"आहे ना. थांबा हं. इतका वेळ उभ्याच? खुर्ची आणू का, आजी?"

आजी. मला अजून कुणी आजी म्हटलेलं नाही. माझे केस कसे दिसतात ते इथे बघायला आरसा नाही. मी हातांकडे बघू शकत नाही.

"तुमचा रिलीव्हर कुठंय, आजी?" ती जवळ आली. बाटलीतलं पाणी हलल्याचं ऐकू आलं. "कुणीच नाही आला? मग मी घेऊ का चार्ज?"

दोनदा डोळा लागला, दोन पायऱ्या गेल्या; आता फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर थोडी धूळ आहे. तिला जा म्हणायला हवं. पळत जा, डायरीत पाचच लिही, आणि इथे परत येऊ नकोस, असं सांगायला हवं. मला लेकीकडे जायचंय. एक सही आहे फक्त. मी तिला म्हटलं, एवढं लिहून होईपर्यंत थांब.

ती थांबलीय. काही विचारलं नाही, कुरकुर नाही, माझ्या मागे सरळ उभी. चांगली मुलगी आहे. सांगितलेलं ऐकते.